दोन पगार, दोन शून्यं आणि ४३ हजारांचा कर

२०२४-२५ या आर्थिक वर्षात माझ्या दोन्ही पगारस्लिपांवर आयकराच्या रकान्यात वर्षभर शून्य छापून येत होतं. दोन्ही शून्यं आपापल्या जागी बरोबर होती. तरीही त्या वर्षाचा माझा कर ४३ हजारांच्या वर गेला. हे कसं झालं आणि मी ते कसं मार्गी लावलं, ते लिहून काढते आहे; कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक तेव्हाच्या आयकर कायद्यातले. पुण्यात अर्ध्या-अर्ध्या दोन नोकऱ्या करणारे हल्ली बरेच भेटतात, आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं की टॅक्स बसत असेल तर ऑफिसवाले कापतीलच.

मी जर्मन शिकवते आणि जर्मनमधून भाषांतरं करते. सकाळी बावधनच्या एका शाळेत आठवी ते दहावीचे तास, मग कोथरूडला घरी येऊन जेवण, आणि दुपारी बाणेरच्या एका कंपनीत चार तास. शाळेचा पगार ३६,००० रुपये, कंपनीचा ४६,०००. दोन्हीकडे रीतसर नेमणूकपत्र, दोन्हीकडे पैसे पगार म्हणूनच. कंपनीच्या करारात ‘अन्यत्र नोकरी करणार नाही’ असं कलम होतं. रुजू होतानाच शाळेचं नाव घालून ते शिथिल करून घेतलं आणि तसं पत्र घेतलं. दोन नोकऱ्यांचा विचार करणाऱ्याने टॅक्सच्या आधी हे पाहावं. पीएफ एकाच यूएएनखाली (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) दोन्हीकडून जमा होतो आणि सरकारच्या नोंदीत सगळं दिसतंच, तेव्हा लपवाछपवीला तसाही अर्थ नाही.

मे महिन्यात माझा आतेभाऊ घरी आला होता. तो सीए आहे, नारायण पेठेत ऑफिस. मी सहज म्हटलं, दादा, माझा टॅक्स दोन्हीकडे शून्य येतोय. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“शून्य कसा येईल? दोन्ही मिळून वर्षाचे किती?”

“नऊ लाख चौऱ्याऐंशी हजार.”

“अगं, दोघंही तुला आपापली सवलत देतायत. सरकार एकदाच देणार आहे.”

सगळी मेख तिथेच आहे. शाळा फक्त शाळेचा पगार बघते: वर्षाचे ४,३२,०००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) वजा करते, उरलेलं सात लाखांच्या आत म्हणून कलम ८७ए ची रिबेट (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणारी सूट) लावते, कर शून्य. कंपनी फक्त कंपनीचा पगार बघते: ५,५२,०००. तीही डिडक्शन देते, तीही रिबेट देते, तिचाही कर शून्य. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. पण माझा पॅन एकच, आणि त्या पॅनवर डिडक्शन एकदाच, खालचा करमुक्त टप्पाही एकदाच. बेरीज सात लाखांच्या पुढे गेल्यामुळे रिबेट तर अजिबातच नाही.

दादाने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, कमी दराची पण बहुतेक सवलती नसलेली नवी आणि सवलतींची जुनी. तेव्हाच्या नव्या प्रणालीचे टप्पे असे होते: तीन लाखांपर्यंत काही नाही, तीन ते सहा पाच टक्के, सहा ते नऊ दहा टक्के, पुढे पंधरा. डिडक्शन ५०,०००. म्हणजे करपात्र ९,३४,०००, त्यावर ५०,१००, वर चार टक्के सेस (करावरचा उपकर) धरून ५२,१०४ रुपये. माझ्या एका महिन्याच्या कंपनीच्या पगाराहून जास्त. जुनी प्रणाली घेतली तर काय, म्हणून तेही करून पाहिलं. घर स्वतःचं असल्याने भाड्याची सवलत नाही. पीएफ आणि पीपीएफ मिळून ८०सी चे (बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख पूर्ण धरले तरी कर ७१ हजारांच्या पुढे जात होता. तो विषय तिथेच संपला.

आता हे भरायचं कसं? एक रस्ता कायद्यातच आहे आणि फारच थोड्यांना तो माहीत असतो. कलम १९२ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की एकाच वेळी एकाहून जास्त ठिकाणी नोकरी असेल, तर कर्मचारी आपल्या पसंतीच्या एका मालकाला दुसऱ्या पगाराचा तपशील देऊ शकतो. असा तपशील मिळाला, की त्या मालकाने दोन्ही पगार एकत्र धरून कर कापायचा. तपशील देण्यासाठी फॉर्म १२बी. एका पानाचा फॉर्म: दुसऱ्या मालकाचं नाव, पत्ता, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), पॅन, पगार किती, पीएफ किती, कर किती कापला. शाळेच्या अकाउंट्सच्या मॅडमनी टॅन लगेच लिहून दिला. “पण मॅडम, तुमचा टॅक्स बसतच नाही आमच्याकडे,” हेही वर सांगितलं. त्यांच्याकडे खरोखरच बसत नव्हता.

कंपनीत मात्र गाडी अडली. पेरोलचं, म्हणजे पगार काढण्याचं, काम बाहेरच्या एका संस्थेकडे होतं. तिथल्या मुलीने फोन केला.

“मॅम, हा फॉर्म जॉब चेंज केलेल्यांसाठी असतो.”

“दोन नोकऱ्या एकदम असतील तरी हाच असतो.”

“पण सिस्टिममध्ये आधीच्या एम्प्लॉयरची लास्ट वर्किंग डेट टाकावी लागते.”

“मी ती नोकरी सोडलेली नाही.”

“मग सिस्टिम पुढे जात नाही, मॅम.”

मी कलमाचा मजकूर पाठवला. मोठ्या सभ्यतेने उत्तर आलं: आपला मुद्दा नोंदवला आहे, पण सध्या अशी सोय नाही. आमच्या एचआरनेही खांदे उडवले. कायद्यात कंपनीला नाही म्हणायची मुभा नाही, हे मला माहीत होतं. पण एका रकान्यापायी महिनोन्‌महिने भांडत बसायची माझी तयारी नव्हती. ईमेल तेवढे जपून ठेवले.

यातली गंमत अशी, की त्याच सुमारास मी एका जर्मन कंपनीच्या पगारविभागाची माहितीपुस्तिका भाषांतरित करत होते. तिकडे प्रत्येक नोकरदाराला करवर्ग असतो, आणि दुसऱ्या नोकरीसाठी सहावा वर्ग ठेवलेला आहे. त्या वर्गात मूळ करमुक्त रकमेचा लाभ मिळत नाही, कारण तो पहिल्या नोकरीत दिलेला असतो. त्यामुळे दुसरा मालक आपोआपच जबर कर कापतो आणि जास्त कापला गेला तर रिटर्न भरून परत मिळतो. तिथले लोक सहाव्या वर्गाच्या नावाने बोटं मोडतात. मला मात्र तो मजकूर टाइप करताना हेवा वाटत होता. आपल्याकडे नेमकं उलटं: वर्षभर हातात पैसे खुळखुळतात आणि शेवटी एकदम बिल येतं.

फॉर्मचा रस्ता बंद झाल्यावर दुसरा उरला, अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर. तो फक्त व्यापाऱ्यांनी आणि डॉक्टर-वकिलांनी भरायचा असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात कापलेला कर वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर नोकरदारालाही तो भरावा लागतो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या लोकांना तेवढी सूट आहे. हप्ते चार: १५ जूनपर्यंत एकूण कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. कमी भरला तर कलम २३४सी खाली दरमहा एक टक्का व्याज. मार्चअखेर ९० टक्केही भरला नाही, तर एप्रिलपासून २३४बी चं आणखी एक टक्का सुरू होतं.

पहिला हप्ता जूनमध्ये भरला, ७,८२० रुपये. आयकराच्या पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ म्हणून सोय आहे. लॉग-इन न करताही चालते. पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी पुरे. तिथे दोन जागी डोळ्यांत तेल घालावं. पहिली जागा वर्षाची. पैसे २०२४-२५ मध्ये कमावले, पण निवडायचं होतं कर निर्धारण वर्ष, म्हणजे २०२५-२६. चुकीच्या वर्षात पैसे गेले तर ते दुरुस्त करून घेण्याचा वेगळाच व्याप होतो. दुसरी जागा प्रकाराची: अॅडव्हान्स टॅक्सचा कोड १००, रिटर्न भरताना उरलेला कर भरायचा त्याचा ३००. नेटबँकिंगने पैसे गेले की चलन उतरतं. त्यावर बँकेचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक असतो. काही दिवसांत तेच फॉर्म २६एएस मध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद) दिसू लागतं. आपल्या नावासमोर जमा झालेली रक्कम बघून का कोण जाणे, बरं वाटतं.

मग २३ जुलैला अर्थसंकल्प आला आणि सगळे आकडे बदलले. नव्या प्रणालीत पाच टक्क्यांचा टप्पा सात लाखांपर्यंत गेला, दहा टक्क्यांचा दहा लाखांपर्यंत, आणि डिडक्शन ७५,००० झालं. माझं करपात्र उत्पन्न ९,०९,००० वर आलं, कर ४०,९०० आणि सेस मिळून ४२,५३६. साडेनऊ हजार वाचले. वर्षाच्या मध्ये दर बदलले की उरलेले हप्ते नव्या आकड्याने काढायचे. आधीचा हप्ता थोडा जास्त गेला असला तर तो पुढे वळता होतो.

सप्टेंबरचा हप्ता गणपतीत आला. १५ तारीख रविवारी, अनंत चतुर्दशी मंगळवारी. त्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो, शिवाय कंपनीकडून उकडीच्या मोदकांची फर्माईश. म्हणून ११,४०० रुपये शुक्रवारीच भरून मोकळी झाले. डिसेंबरचे आणि मार्चचे हप्ते भरले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकूण ४२,५४० गेले. दर महिन्याला पगार झाला की साडेतीन हजार बाजूला एका आवर्ती ठेवीत टाकत होते, त्यामुळे हप्त्याच्या वेळी हात आखडले नाहीत. पेरोलने कापले असते तरी साधारण एवढेच गेले असते.

मधल्या काळात पगारस्लिपा शेजारी-शेजारी ठेवून बघताना आणखी एक गोष्ट नजरेला आली. प्रोफेशनल टॅक्स दोन्हीकडे कापला जात होता, महिन्याला दोनशे-दोनशे. हा कर राज्य सरकारचा. महाराष्ट्रात अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे मिळून वर्षाचे २,५०० होतात, आणि राज्यघटनेनेच एका माणसामागे वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. बायकांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे, पण माझे दोन्ही पगार त्याच्या वर. एकीकडे कापला जातो असं लेखी दिलं की दुसरीकडे थांबवता येतो. शाळेत दिलं, त्यांनी पुढच्या महिन्यापासून बंद केला. रक्कम किरकोळ, पण आयकराच्या नव्या प्रणालीत तिची वजावटही मिळत नाही, मग दोनदा का द्यायची?

रिटर्नचं काम मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. एक जागा सोडून. कंपनीने कर कापला नसला तरी फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) दिला. शाळेने नाही दिला, कारण कर कापलाच नव्हता. मॅडमनी शाळेच्या लेटरहेडवर वर्षाच्या पगाराचा दाखला दिला, महिनेवार. पोर्टलवर आयटीआर-१ (पगारदारांसाठीचा रिटर्नचा साधा फॉर्म) उघडला तर कंपनीचा पगार आधीच भरलेला, बँकेचं व्याज भरलेलं, मी भरलेले चारही हप्ते भरलेले. शाळेचा मात्र मागमूस नाही. आणि खाली ठळक अक्षरांत: परतावा ४२,५४० रुपये.

बरोबरच आहे. पोर्टलला एकच पगार माहीत होता, तो रिबेटमध्ये बसत होता, म्हणून त्याने मी भरलेला सगळाच कर परत देऊ केला. घाईत असलेला माणूस तिथे खूश होऊन पुढचं बटण दाबेल. पुढे पगाराच्या बँकेतल्या नोंदी आणि पीएफ हे सगळं जुळवायला सरकारला फार वेळ लागत नाही. मग उत्पन्न कमी दाखवलं म्हणून दंडाचं कलम लागतं, तो कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के. त्यामुळे आधीच भरून आलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द समजू नये. आपल्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक घेऊन बसावं आणि प्रत्येक ओळ स्वतः ताडून बघावी.

आयटीआर-१ मध्ये दोन नोकऱ्यांना वेगळे रकाने नव्हते. दोन्ही पगारांची बेरीज करून एकच आकडा टाकला: ९,८४,०००. डिडक्शन आपोआप एकदाच ७५,००० लागलं. बचत खात्याचं व्याज ७,४०० होतं; जुन्या प्रणालीत ते ८०टीटीए खाली सुटलं असतं, नव्यात नाही. ते मिळून कर ४३,३०६ झाला. डिसेंबर आणि मार्चच्या हप्त्यांत या व्याजाच्या वाट्याचे पैसे कमी पडले होते, म्हणून २३४सी चे २२ रुपये. उरलेले ७९० रुपये कोड ३०० ने भरले, चलनाचा तपशील टाकला, आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. ही पडताळणी ३० दिवसांत करायची असते, नाहीतर वेळेत भरलेलं रिटर्नही उशिराचं धरलं जातं. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरच्या मध्यावर नेली होती, तरी मी जुलैतच उरकलं. काही आठवड्यांनी १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासल्याचं आयकर खात्याचं पत्र) आली: देणं शून्य, परतावा शून्य.

समजा मी वर्षभर काहीच भरलं नसतं आणि जुलैत एकदम भरायला बसले असते, तर दोन्ही कलमांचं मिळून व्याज साधारण ३,९०० झालं असतं. डोंगराएवढी रक्कम नाही. पण शाळा सुरू होण्याच्या दिवसांत, मुलाची फी आणि सोसायटीचं वार्षिक बिल समोर असताना, ४७ हजार एकदम काढणं म्हणजे ठेव मोडण्याची पाळी.

शाळेतली माझी एक मैत्रीण एका कॉलेजात तासिका तत्त्वावरही शिकवते. तिची तऱ्हा वेगळी. ते पैसे पगार म्हणून येत नाहीत, व्यावसायिक मानधन म्हणून येतात आणि कलम १९४जे खाली सरळ दहा टक्के कापून येतात. तिला वाटत होतं की दहा टक्के गेले म्हणजे टॅक्स मिटला. कापलेला कर हा आगाऊ भरणा आहे. खरा हिशेब बेरजेवरच होतो. तिची बेरीज सात लाखांच्या आत होती, त्यामुळे तिला उलट कापलेले सगळे पैसे परत मिळायचे होते. तिला आयटीआर-१ चालत नाही, कारण मानधन हे व्यवसायाचं उत्पन्न. तिला मी दादाकडेच पाठवलं.

२०२५-२६ मध्ये माझं गणितच बदललं. रिबेटची मर्यादा १२ लाखांवर गेली. दोन्ही पगार थोडे वाढून बेरीज १०,४०,००० झाली, पण डिडक्शन वजा जाता ती १२ लाखांच्या बरीच आत. कर शून्य. १५ जूनला भरायला काही नव्हतं. रिटर्न भरणं मात्र चुकत नाही, कारण उत्पन्न चार लाखांच्या करमुक्त टप्प्याच्या वर आहे.

तेव्हा आता हा प्रश्न माझ्यासारख्यांपुरता सुटला आणि थोड्या वरच्या पगारवाल्यांकडे सरकला. दादाच्या ओळखीतला एक टेस्टिंगवाला मुलगा खराडीत आणि हिंजवडीत अर्धा-अर्धा दिवस करतो, दोन्हीकडे वर्षाला आठ-आठ लाख. एकेका कंपनीच्या नजरेत ७,२५,०००, म्हणजे बाराच्या आत, कर शून्य. बेरीज १६ लाख, डिडक्शन जाऊन १५,२५,०००, आणि त्यावर सेससकट कर १,१३,१००. “सरकारने तर बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ केलाय ना, ताई?” असं त्याने मला फोनवर विचारलं तेव्हा सप्टेंबर संपत आला होता, म्हणजे दोन हप्त्यांच्या तारखा गेलेल्या. मी त्याला १२बी भरून एका कंपनीत द्यायला सांगितलं आणि माझ्याकडचा १९२ चा मजकूर पाठवला. त्याचं नशीब चांगलं, हिंजवडीच्या पेरोलमधल्या बाईंनी तो फॉर्म न बोलता घेतला. अॅडव्हान्स टॅक्सचं देणं काढताना पेरोलने कापायचा कर आधीच वजा धरतात, त्यामुळे मागच्या हप्त्यांचं व्याजही लागलं नाही. ऑक्टोबरपासून त्याच्या एका पगारातून महिन्याला १८,८५० जाऊ लागले. परवा भेटला तेव्हा म्हणाला, घरी आईला अजून वाटतंय की त्या कंपनीने त्याचा पगार कमी केला.